शाळा सोडल्याचे कारण

शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की आपण दोनच गोष्टी बघतो: जन्मतारीख बरोबर आहे का आणि जातीचा रकाना नीट भरलाय का. पुढं जन्मभर उपयोगी पडतात त्या याच. बाकीचे रकाने कुणी वाचत नाही. भरणाराही वाचत नसावा. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. आणि तिथंच जवळपास, 'शाळा सोडल्याचे कारण'. त्यापुढं बहुतेक वेळा एकच उत्तर असतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. शिक्का करून ठेवावा इतकं ते ठरून गेलेलं आहे.

हाच प्रश्न सरकार आणखी एका कागदावर विचारतं. तिथं मात्र फार बारकाईनं. बाल न्याय अधिनियम २०१५ चा आणि त्याखालचे केंद्राचे आदर्श नियम २०१६ चे. त्यात नमुना ६ आहे, सामाजिक तपास अहवालाचा. १८ वर्षांखालचं मूल गुन्ह्यात सापडलं, म्हणजे पोलिसांच्या भाषेत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' झालं, की परिवीक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) त्याच्या घरी, शेजारी, शाळेत जाऊन हा नमुना भरायचा आणि मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत बाल न्याय मंडळापुढं ठेवायचा. त्यात शाळा का सोडली याची यादीच छापलेली आहे, लागू असेल तिथं खूण करायची. शेवटच्या वर्गात नापास. शाळेत रस नाही. शिक्षकांची बेपर्वाई. मित्रांची संगत. घर चालवायला कमवणं. आईवडिलांचा अचानक मृत्यू. शाळेत दादागिरी. शाळेचं वातावरण जाचक. आधी गैरहजेरी, मग पळून जाणं. वयाला साजेशी शाळा जवळ नाही. अपमान. मारहाण. शिकवण्याची भाषा. शेवटी 'इतर'.

यादी पुन्हा वाचली तर लक्षात येतं की निम्म्याहून जास्त कारणं शाळेच्या फाटकाच्या आतली आहेत. ज्या कुणी तो नमुना तयार केला त्याला शाळा आतून ठाऊक होती. अडचण एवढीच की हा कागद निघतो मुलगा पकडला गेल्यावर. शाळा सोडताना जो कागद निघतो त्यात या यादीला जागा नाही, दीड इंचाची ओळ आहे.

शिक्षण आणि गुन्हेगारी यांचा संबंध जोडताना आपल्याकडं थेट तुरुंगाचा आकडा फेकतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशातल्या कैद्यांपैकी साधारण चौथा हिस्सा निरक्षर आणि १० पैकी ४ दहावीच्या आत शिकलेले दिसतात. म्हणजे दोन्ही मिळून जवळपास दोन तृतीयांश. झालं, अडाणी तो गुन्हेगार! पण त्याच अहवालात दुसरा तक्ता आहे. देशाच्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. जामीनदार मिळाला नाही, वकील परवडला नाही, तारखेला कुणी आलं नाही म्हणून बरेच जण आत आहेत. तेव्हा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी कोण किती शिकलेला आहे ते मोजून गुन्हा कोण करतो हे थोडंच कळतं. जामीन कुणाला मिळत नाही हे जास्त कळतं.

शिवाय गुन्ह्यांची जात असते. पतसंस्था बुडवायला दहावी नापास असून चालत नाही, त्याला ताळेबंद लिहिता यावा लागतो. एकाच प्लॉटचं तिघांना खरेदीखत करून देणाऱ्याला दुय्यम निबंधकाचं कार्यालय पाठ असतं. केरळात साक्षरता देशात वरच्या पातळीवर आणि दर लाख लोकसंख्येमागं नोंदवलेले गुन्हेही वरच्या रांगेत. तिथले लोक जास्त वाईट असं नाही, तिथं माणूस पोलिसांत जातो आणि पोलीस लिहून घेतात. म्हणून 'शिक्षण वाढलं की गुन्हे घटतात' हे वाक्य सरसकट घेण्यात अर्थ नाही.

मग संबंध नाहीच का? आहे, पण तो मोजायला आडवाट धरावी लागते. जो मुलगा स्वतःहून शाळेत टिकला तो मुळातच वेगळ्या घरचा असू शकतो, त्यामुळे शिकलेले आणि न शिकलेले यांची नुसती तुलना फसवी. अमेरिकेत लॉखनर आणि मोरेट्टी या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये वेगळी युक्ती केली. निरनिराळ्या राज्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं वय निरनिराळ्या साली वाढवलं होतं. केवळ कायदा बदलला म्हणून ज्या मुलांना वर्षभर जास्त शाळेत बसावं लागलं, ती पुढं तुरुंगात किती गेली ते त्यांनी पाहिलं. प्रमाण घटलं होतं. इंग्लंडमध्ये १९७२ साली शाळा सोडण्याचं किमान वय १५ वरून १६ झालं. तिथल्या अभ्यासातही चोरी-घरफोडीसारखे मालमत्तेचे गुन्हे कमी झालेले दिसले. मुलांच्या डोक्यात त्या वर्षात नेमकं काय शिरलं हे कुणी तपासलं नव्हतं. ती कुठं होती एवढंच बदललं होतं.

यातला मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो तो जेकब आणि लेफग्रेन यांचा २००३ चा अभ्यास. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळा बंद असते त्या दिवसांची त्यांनी शाळेच्या दिवसांशी तुलना केली. शाळा भरते त्या दिवशी अल्पवयीनांचे मालमत्तेचे गुन्हे सुमारे १४ टक्क्यांनी कमी आणि मारामारीचे गुन्हे सुमारे २८ टक्क्यांनी जास्त. दोन्ही एकदम! शाळा मुलांना रिकामं फिरू देत नाही, पण त्यांना एका जागी गोळाही करते. नाशिकमध्ये दुपारचं सत्र सुटताना कुठल्याही मोठ्या माध्यमिक शाळेच्या कोपऱ्यावर उभं राहिलं तर हे कळायला अभ्यासाची गरज पडत नाही. 'बघून घेतो'ची सुरुवात वर्गात होते आणि निकाल सायकल स्टँडच्या मागं लागतो. म्हणून शाळा सुटण्याच्या वेळचा अर्धा तास फाटकाबाहेर दोन शिक्षक उभे करणं हे पोलीस गाडी फिरवण्याइतकंच कामाचं. पैसे लागत नाहीत, वेळापत्रकात ड्यूटी लावावी लागते, आणि ती रोज बदलून चालत नाही. चेहरे ओळखणारा माणूस तोच हवा.

आता वय बघा. देशात पकडल्या जाणाऱ्या अल्पवयीनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश १६ ते १८ या वयातले असतात. बहुतेक जण आईवडिलांसोबतच राहणारे, म्हणजे अनाथ-बेवारस हे आपल्या डोक्यातलं चित्र चुकीचं. निरक्षर त्यांच्यात थोडे. सगळ्यांत मोठा गट प्राथमिक ओलांडलेला पण दहावी न झालेला. थोडक्यात, हा मुलगा शाळेत गेलेला आहे, बऱ्यापैकी वाचतो, मोबाइलवर सराईत आहे, आणि सहावी ते नववीच्या मध्ये कुठंतरी गळालेला आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, तो ६ ते १४ वयासाठी. चौदावं सरलं, आठवी झाली, की हक्काचं छत्र मिटलं. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतांशी चौथी, सातवी किंवा आठवीपर्यंतच्या. पुढं दाखला काढून दुसऱ्या, बहुधा खासगी अनुदानित शाळेत जायचं. तिथं नवा गणवेश, नवे सर, इंग्रजीचा वाढलेला वेग, घरापासून अंतर. देशाची २०२३-२४ ची अधिकृत आकडेवारी प्राथमिकची गळती २ टक्क्यांच्या आत आणि माध्यमिकची १४ च्या घरात दाखवते. तो पायरीचा खड्डा नेमका या दाखल्याच्या जागी आहे. आठवीच्या शाळेनं दाखला दिला की तिची जबाबदारी संपली, नववीच्या शाळेला तो येईपर्यंत मुलगा माहीतच नाही. मधल्या मे-जूनमध्ये तो कुणाच्याच पटावर नसतो.

पट या शब्दाशी जरा थांबायला हवं. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरतात. मुलगा जुलैच्या मध्यापासून येत नसेल तर त्याचं नाव सप्टेंबरअखेर टिकवण्यात शाळेचा फायदा असतो आणि ओरडण्यात तोटा. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला तर त्या गटाला शिक्षकच नाही, अशी ती तरतूद. आता सांगा, एकोणीस आणि एकवीसच्या सीमेवरचा मुख्याध्यापक गैरहजर मुलाबद्दल वर कळवेल का? त्यात शिक्षक लबाड आहेत असा अर्थ काढू नये. ज्या गोष्टीला पगार बांधला आहे ती गोष्ट टिकवली जाते.

दुसरी मुदत ३० दिवसांची. सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल 'शाळाबाह्य' धरायचं, मग शोध घ्यायचा. कागदावर ठीक आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा एक महिना म्हणजे फार मोठा काळ. पहिल्या आठवड्यात तो घरीच असतो, आजारी, नाहीतर रुसलेला. दुसऱ्या आठवड्यात घरातले 'नुसता बसून काय करतो' म्हणून कामाला लावतात. तिसऱ्यात त्याच्या हातात पैसे आलेले असतात, आणि चौथ्यात शाळेतल्या बाकावर बसणं त्याला लहान पोराचं काम वाटायला लागतं. व्याख्येत तो बसतो तेव्हा हातातून निसटलेला असतो.

काम तरी कसलं मिळतं? अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर आधार कार्ड बघतात, १८ खालच्याला आत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उरतं ते गॅरेज, मार्केट यार्डातली हमाली, मंडप, डीजे, केटरिंग. यातलं लग्नसराईचं काम रात्रीचं आणि रोजंदारीचं. चार दिवस काम, दहा दिवस नाही. दुपारी बारापर्यंत झोप, मग टपरी. त्याच टपरीवर गाडी असलेला एक विशी-पंचविशीतला इसम येतो, चहा पाजतो, गाडी चालवायला देतो. एवढ्या छोट्या उपकाराची परतफेड म्हणून पहिलं काम येतं : ही पिशवी पोहोचव, हा कोयता घरी ठेव. 'तू लहान आहेस, तुला काय होत नाही.' कायदा आम्हाला वाटतं त्यापेक्षा या इसमाला चांगला पाठ असतो. त्याच बाल न्याय अधिनियमात कलम ८३ आहे. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांचा दंड. कोयता घेऊन फिरणाऱ्या पोराचा फोटो डोळ्यांवर पट्टी ओढून छापणाऱ्या बातम्यांत हे कलम लावल्याचं किती वेळा वाचायला मिळतं, ते आठवून बघावं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी मोहीम उघडली आणि 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं म्हणणाऱ्या गुंडांच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. लोकांना बरं वाटलं, ते समजण्यासारखं आहे. रील करून दहशत बसवणाऱ्यांना रीलमध्येच उतरवलं. पण १६ वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं असतं. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत मंडळापुढं न्यावं लागतं. कायदा ज्यांना 'किरकोळ' आणि 'गंभीर' म्हणतो (त्यावरचा प्रकार 'निर्घृण') त्या गुन्ह्यांत, सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर गुन्हाही दाखल होत नाही, स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल. ७ वर्षांहून कमी नाही अशी किमान शिक्षा असलेला निर्घृण गुन्हा असेल आणि वय १६ ओलांडलेलं असेल, तरच प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, याची प्राथमिक छाननी होते.

'म्हणजे सुटतातच की!' हा त्यावरचा नेहमीचा उद्गार. शिकागोच्या अल्पवयीन न्यायालयांचा आयझर आणि डॉयल यांनी केलेला अभ्यास इथं वाचावा. सारखाच गुन्हा, पण योगायोगानं कडक न्यायाधीशापुढं गेल्यामुळं ज्या मुलांना डांबलं गेलं, त्यांचं शालेय शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण १३ टक्के बिंदूंनी खाली गेलं आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचं प्रमाण २३ टक्के बिंदूंनी वर. त्यांचा धडा नाशिकला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. तरी यंत्रणा कशी चालते ते ओळखीचं आहे : दोन-तीन महिने आत गेले की सत्र बुडतं, सत्र बुडालं की वर्ष जातं, आणि वर्ष गेलेला मुलगा शाळेत परत येत नाही.

वर्ष जाण्यावरून आठवीची परीक्षा. पूर्वी पहिली ते आठवी नापास करायचं नाही असा नियम होता. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्यानं २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. बाजू दोन्हीकडून मांडता येते. वाचता न येणारं पोर आठवीत ढकलणं ही काही दया नव्हे. मात्र पाचवी आणि आठवी यांना एका मापानं मोजणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात परीक्षेवरून चौथीत आणि आठवीत मुलं मागं ठेवत. चौथीत मागं राहिलेल्यांच्या पुढच्या गुन्हेगारीत फरक दिसला नाही. आठवीत मागं राहिलेल्यांची गळती वाढली आणि हिंसक गुन्ह्यांत शिक्षा होण्याचं प्रमाणही वाढलं. कारण शोधायला लांब जायला नको. दहा वर्षांचा मुलगा पुन्हा पाचवीत बसतो, नवे मित्र करतो. मिसरूड फुटलेला मुलगा धाकट्या भावाच्या वर्गात बसत नाही.

इथं एक धोक्याची खूण. शाळाबाह्य म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण नाशिक जिल्ह्यात तर साफ मोडतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर उतरतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून मार्च-एप्रिलच्या खुड्यापर्यंतचं शाळेचं वर्ष आणि बागेचं वर्ष नेमकं एकमेकांवर येतं. ती मुलं शाळेत नसतात आणि कुणाच्या वाटेलाही जात नसतात. उलट त्यांच्यावरच गुन्हा होतो : २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्या पैशांत मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघडकीला आलं. अशा मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' आहे. गावच्या शाळेनं ते द्यायचं, बागेजवळच्या शाळेनं त्यावर बसवून घ्यायचं. चुकतं कुठं? कुटुंब रात्रीतून पिकअपमध्ये बसून जातं आणि कार्ड मुख्याध्यापकाच्या कपाटात राहतं. ते दसऱ्याआधी, गाव रिकामं व्हायच्या आत, पालकांच्या हातात द्यायला हवं. मुलींचं तर पोलीस डायरीत काहीच उमटत नाही. मुलगी शाळेतून गळाली की वर्षा-दोन वर्षांत तिचं लग्न लागतं, आणि आपण म्हणतो, मुली गुन्हे करत नाहीत.

मग गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी काय करायचं ते सांगतो, कारण तिथं हाताला काहीतरी लागतं. आकडा वेगळा गोळा करायची गरज नाही. हजेरीचा कॅटलॉग रोज भरतो, पोषण आहाराची संख्या रोज जाते. सहावी ते नववीत सलग तीन दिवस गैरहजर दिसला की फोन. दाखल झाला तेव्हाचा नंबर बहुतेकदा बंद असतो, रिचार्ज संपलेलं असतं किंवा तो मावशीचा असतो. म्हणून जूनमध्येच दोन नंबर घ्यायचे, एक शेजाऱ्याचा. सातव्या दिवशी घरी जायचं, संध्याकाळी सातनंतर, आई कामावरून आल्यावर. सोबत नोटीस न्यायची नाही. 'का येत नाही?' याला 'येईल उद्यापासून' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी कुठल्या तासाला त्याला नको वाटतं ते विचारायचं. गणित, इंग्रजी किंवा एखाद्या सरांचं नाव, तिघांतलं एक पटकन बाहेर येतं.

आणि तो परत आला त्या सकाळी फक्त एक वाक्य टाळायचं. 'या साहेब, आठवण झाली वाटतं शाळेची!' वर्ग हसतो, सरांनाही आपण विनोद केला असं वाटतं. नमुना ६ मधल्या 'अपमान' या शब्दापुढची खूण बऱ्याचदा इथं पडते. दहा दिवसांच्या बुडालेल्या वह्या पूर्ण करायला लावणं हीसुद्धा एक शिक्षाच. तीन विषयांच्या झेरॉक्स काढून द्याव्यात, तीस-चाळीस रुपयांचं काम.

जो गेलाच आहे त्याच्यासाठीही दारं आहेत. १४ च्या आतला असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात थेट प्रवेश, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. १४ च्या पुढं गेलेल्याला १७ नंबरचा फॉर्म : किमान पाचवी पास, वय १४ पूर्ण, की खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. आधी हातांना काम हवं असेल तर आयटीआयचे वेल्डरसारखे काही ट्रेड आठवीवर मिळतात. मंडळापुढं प्रकरण झालेल्या मुलाच्या पालकांना मुद्दाम सांगायला हवं की बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ नं त्या नोंदीमुळं कुठलीही अपात्रता येत नाही (१६ वरच्या ज्याला प्रौढ म्हणून दोषी धरलं तो सोडून), आणि प्रकरण मिटलं असेल तर चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यात पोलिसांनी ती उघड करायची नाही. एकोणिसाव्या वर्षी एमआयडीसीतल्या ठेकेदारानं तो दाखला मागितला की हे आठवतं, तेव्हा धावाधाव होते. वस्त्यांची नावं मी या लेखात मुद्दाम घेतलेली नाहीत, पत्ता सांगितल्यावरही नोकऱ्या जातात.

१७ नंबरच्या फॉर्मसाठी पाचच मिनिटं लागतात, पण त्याला मूळ दाखला जोडावा लागतो. तिथं बरीच पोरं अडतात, कारण शाळा सोडताना दाखला कुणी नेलेलाच नसतो. तो अजून शाळेत पडून असतो किंवा लिहिलाच गेलेला नसतो. अर्ज करायचा, जनरल रजिस्टरमधला नंबर शोधायला कारकुनाला थोडा वेळ द्यायचा, हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र करून दुसरी प्रत मागायची. फॉर्मची मुदत सत्राच्या पहिल्या काही महिन्यांतच संपते, मग विलंब शुल्क बसतं, म्हणून हे जून-जुलैतच उरकावं. कारकून विचारेल, 'कारण काय लिहू?'